सुट्टीत पीडीएफ नको, गोष्टीची पुस्तकं घरी द्या

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

जुलै लागला की आमच्या खानापूर तालुक्यात आणि बेळगावच्या पश्चिमेकडच्या गावांत शाळेचा काही भरवसा नसतो, रात्री जेवणं झाल्यावर मोबाईलवर मेसेज येतो की डीसींनी (जिल्हाधिकाऱ्यांनी) उद्या सुट्टी दिलीय, मग परवा परत तेच, कणकुंबी जांबोटीकडं तर नाल्यावरनं पाणी गेलं की मेसेज यायच्या आधीच सुट्टी होते. नदीकाठच्या निपाणी चिकोडीकडची कथा वेगळी, तिथं २०१९ च्या ऑगस्टात महापूर आला तेव्हा शाळांतच पूरग्रस्तांच्या राहण्या-जेवणाची गंजी केंद्रं उघडली होती, म्हणजे पोरं शाळेतच होती खरं शिकायला नव्हे. आणि फक्त पाऊसच असतोय असं पण नाही. २०२५ ला दसऱ्याच्या सुट्टीत सगळ्या मास्तर-बाईंना सामाजिक शैक्षणिक सर्वेक्षणाला घरोघरी फिरवलं, काम संपेना म्हणून सरकारी आणि अनुदानित शाळांची सुट्टी १८ ऑक्टोबरपर्यंत वाढवली, आणि लगेच पुढं दिवाळी. कोरोनाचं तर सांगायलाच नको, मार्च २०२० ला बंद झालेली पहिली ते पाचवीची पोरं आपल्या राज्यात २५ ऑक्टोबर २०२१ ला परत वर्गात बसली. म्हणजे ज्याचं नाव २०२० ला पहिलीत घातलं त्यानं पहिलीचा वर्ग बघितलाच नाही, डायरेक्ट दुसरी.

हे सगळं तुमच्या वाचकांना माहीत आहे. मला लिहायचंय ते सुट्टी पडल्यावर घरात काय चालतंय त्याबद्दल. मी गावातल्या सरकारी मराठी शाळेच्या एसडीएमसीवर, म्हणजे शाळा विकास आणि देखरेख समितीवर आहे, घरी शिलाईचं काम करते, आमच्यात दोन पोरं आहेत एक दुसरीत एक चौथीत, आणि गल्लीतली अजून चार-पाच लेकरं मशीनच्या बाजूला येऊन बसतात त्यामुळं सगळ्या शाळांचा अभ्यास माझ्या नजरेखालनं जातो, सरकारी पण आणि पिवळ्या बसमधनं जाणाऱ्या इंग्लिश मिडीयमचा पण.

सुट्टी पडली की दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुपवर पीडीएफ पडायला सुरुवात. गणिताची दोन पानं, इंग्लिशचं एक पान, एक व्हिडिओ, एक चित्र रंगवा, आणि संध्याकाळी सहाच्या आत फोटो काढून टाका. पहिलीच्या पोराला! घरात मोबाईल एक, तो बापाकडं, बाप उद्यमबागला ड्युटीवर, तो रात्री आठला येणार, मग आठ वाजता झोपाळलेल्या पोराला उठवून बसवायचं आणि आईनंच हात धरून लिहायचं, नाहीतर सरळ आईनंच लिहायचं. मी बघितलेल्या वह्यांत अर्ध्याच्या वर अक्षर आयांचं असतंय, आणि बाईंना ते कळत नसेल असं मला वाटत नाही, खरं वर फोटो दाखवायचे असतात म्हणून त्या पण गप्प. फोटो वर गेला की सगळ्यांचं काम झालं, फक्त ज्याच्यासाठी हे चाललंय त्याला काही आलं नाही. भीमगडच्या रानातल्या गावांचं तर बोलूच नका, तिथं पोरांच्या शाळेची वाटच मुश्किल, पीडीएफ कुठली जातेय.

आता कुणी म्हणेल मग काय पोरांना मोकाट सोडायचं काय. तसं नाही. खरं सरकारचेच नियम काय सांगतात ते तरी शाळांनी वाचावं. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात स्पष्ट लिहिलंय की दुसरीपर्यंत होमवर्क द्यायचंच नाही आणि तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास, आठवड्याला हां, दिवसाला नव्हे. त्याच वर्षी ऑनलाईन शिक्षणाबद्दल प्रज्ञाता नावाच्या मार्गदर्शक सूचना आल्या त्यात बालवाडीसाठी दिवसाला अर्ध्या तासाच्या वर नको आणि पहिली ते आठवीला अर्ध्या-पाऊण तासाचे दोनच क्लास असं होतं. आपल्या राज्यानं तर जून २०२० मध्ये पाचवीपर्यंतचे ऑनलाईन क्लासच बंद केले होते, मग हायकोर्टानं जुलैमध्ये त्याला स्थगिती दिली. त्या भांडणात कोण बरोबर ते मला सांगायचं नाही, खरं एवढ्या लहान पोरांना स्क्रीनसमोर बसवून कितपत शिकवता येतं हा प्रश्न तेव्हाच सगळ्यांना पडला होता आणि त्याचं उत्तर आम्ही आमच्या घरात बघितलंय. असर नावाची पोरांच्या वाचन-गणिताची पाहणी असते, त्या देशभरच्या पाहणीत तिसरीच्या पोरांपैकी दुसरीचं पुस्तक वाचता येणारी २०१८ ला २७.३ टक्के होती ती २०२२ ला २०.५ टक्क्यांवर आली. आणि मधल्या दोन वर्षांत पीडीएफ काय कमी आल्या होत्या?

त्या वेळी आपल्या सीमाभागातल्या मराठी पोरांची अजून एक अडचण झाली ती कुणी मोजलीच नाही. दूरदर्शनच्या चंदना चॅनेलवर पाठ लागायचे ते कन्नडमधनं. सह्याद्री चॅनेलवर मराठीतनं लागायचे खरं ते महाराष्ट्राच्या बालभारतीच्या पुस्तकावरचे, आणि आमच्या पोरांच्या दप्तरात पुस्तकं कर्नाटकची. इकडचं पुस्तक आणि तिकडचा टीव्ही. मोठी पोरं कसंबसं जुळवून घ्यायची, बारक्यांना काय कळणार.

जुलैतलं घर कसं असतंय ते पण सांगते, म्हणजे अभ्यास पाठवणाऱ्यांना अंदाज येईल. रोप लावण चालू असते. आई सकाळी भाकरी करून डोक्यावर इरलं किंवा प्लॅस्टिकचा कागद घेऊन चिखलात, बाप चिखलणीच्या मागं, लाईट गेलेली, घरात अज्जा-आजी आणि बारकी पोरं. आजीला वाचता येत नाही असं आपण धरूनच चालतो आणि म्हणून आजीला अभ्यासातनं कटाप करतो. मला वाटतंय की तिथंच चुकतंय. पहिली दुसरीच्या पोराला आजीच सगळ्यात जास्त उपयोगाची असते, कारण तिच्याकडं वेळ असतो आणि तिला गोष्ट सांगता येते. ती "एवढंसं कार्टं, घर कसं राखतं" असं कोडं घालते आणि पोरगं कुलूप म्हणेपर्यंत दहा गोष्टींचा विचार करतं, काय मोठं आहे काय बारकं, राखणं म्हणजे काय, कुत्रं म्हणावं तर कार्टं का म्हटलं. असलं बोलणं झालं की पुढं वाचताना शब्द ओळखीचे लागतात. ज्या पोरानं शब्द कधी ऐकलाच नाही त्याला तो अक्षर जोडून वाचता आला तरी अर्थ कुठनं लागणार.

वाचून दाखवायचं तर रोज दहा-पंधरा मिनिटं पुरे होतात, आणि हे मी गल्लीतल्या पोरांवर बघितलंय. पुस्तक मांडीवर, बोट ओळीखालनं फिरवायचं, पहिल्यांदा मोठ्यानं वाचायचं मग तीच ओळ पोराला वाचायला लावायची, अडलं तर दोन क्षण थांबायचं आणि मग शब्द सांगून टाकायचा, "एवढं पण येत नाही काय" म्हणून खेकसायचं नाही. मधेच थांबून विचारायचं की आता पुढं काय होईल सांग बघू. तीच गोष्ट पाच वेळा मागितली तर पाच वेळा वाचायची, मोठ्यांना कंटाळा येतो खरं पोराला येत नाही, पाचव्यांदा ते पान उलटायच्या आधीच सांगतं आणि मग अक्षरावर बोट ठेवून दाखवतं. आईला वाचता येत नसेल तर चौथीतल्या ताईनं धाकट्याला वाचून दाखवावं, त्यात ताईचं पण वाचन सुटतं. फक्त ताईला छडी घेऊन मास्तरीण व्हायची परवानगी देऊ नका, आमच्यात तसं झालं की धाकटा माळ्यावर जाऊन बसतो.

गणिताला तर शेतकऱ्याच्या घरात वर्कशीटची गरजच नाही. तांदूळ मोजायची जुनी मापं अजून आमच्याकडं आहेत. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. पोराच्या हातात चिपटं द्या आणि सांगा शेर भरून दाखव, किती चिपटी लागली, मग पायलीला किती लागतील ते न भरता सांग. पाव, अर्धा, दुप्पट, गुणाकार सगळं त्यात आलं. रेशनला जाताना माणशी किती किलो, घरात माणसं किती, पिशवीत एकूण किती यायला पाहिजे, हे चौथीतल्याला करू द्या आणि दुकानदार काटा लावतो तेव्हा त्याला काट्याकडं बघायला पुढं उभं करा (दुकानदाराला आवडणार नाही, असू दे).

एक गोष्ट मात्र घरात मुद्दाम करायला पाहिजे ती म्हणजे दोन अंकी संख्या. आपण मराठीत एकवीस म्हणताना एक आधी उच्चारतो आणि लिहिताना दोन आधी लिहितो, म्हणून पहिली-दुसरीची पोरं ऐकलं तसं १२ लिहून मोकळी होतात आणि आपण त्यांना ढ म्हणतो. एकोणतीसची तर अजून मजा, त्यात ऐकू येतं तीस आणि लिहायचे २९. कन्नडमध्ये इप्पत्तोंदु म्हणजे वीस आधी एक मागनं, लिहितात तसंच. महाराष्ट्रात २०१९ ला बालभारतीनं दुसरीच्या गणितात वीस एक, तीस दोन असं वाचायची पद्धत दिली तेव्हा केवढा दंगा झाला, मराठी बुडाली म्हणून. मला काही तसं वाटलं नाही. घरी चिंचोके घ्या, दहा-दहाच्या पुड्या बांधा, दोन पुड्या आणि एक सुटा समोर ठेवा, आधी वीस एक म्हणा मग त्यालाच आपण एकवीस म्हणतो असं सांगा. शेजारचा कन्नड पोरगा असेल तर त्याला इप्पत्तोंदु म्हणायला लावा. पोराला चिंचोके दिसत असले की गोंधळ राहत नाही, आणि मराठी पण बुडत नाही.

कन्नडचा विषय निघालाच म्हणून सांगते, आमच्या बऱ्याच पालकांना सगळ्यात जास्त टेन्शन त्याचंच असतंय. २०१५ च्या कायद्यानं सगळ्या माध्यमांच्या शाळेत कन्नड शिकवायचं झालंय, आणि सुट्टीत कन्नडचं पान आलं की घरात कुणालाच वाचता येत नाही. राजकारण एका बाजूला ठेवा, त्याच्यावर पेपरात रोज भरपूर येतंय, आमचं पोरगं पान घेऊन समोर उभं आहे त्याचं काय करायचं ते बोला. आमच्या शेजारी हुबळीकडच्या अक्का राहतात, त्यांच्या मुलीला मराठी गोष्टी आवडतात आणि माझ्या पोराला कन्नड वाचायचं असतंय, तर संध्याकाळी अदलाबदल चालते, ती इकडं येते हा तिकडं जातो, पैशाचा काही प्रश्न नाही. ज्यांच्या शेजारी अक्का नाहीत त्यांनी बसचा बोर्ड, रेशन दुकानाची पाटी, दुधाची पिशवी ह्याच्यावरनं अक्षरं ओळखायला लावावीत, गावाचं नाव पोराला आधीच माहीत असतंय त्यामुळं बोर्डावरची अक्षरं पटकन लागतात. फक्त एक लक्षात ठेवा की कन्नडमध्ये ए आणि ओ आखूड-लांब दोन-दोन असतात, आपल्यात तसं नाही, म्हणून आपली पोरं तिथं हमखास चुकतात, त्यावरनं मारू नका, ऐकून ऐकूनच ते येतं.

इंग्लिश मिडीयमवाल्या आयांना एकच सांगणं आहे. घरात इंग्लिश येत नसलं तर लाजू नका आणि यूट्यूब लावून पोराला त्याच्यापुढं बसवून पण ठेवू नका. पाऊस कसा पडतो, बी कसं उगवतं, पैसे परत किती आले हे त्याला मराठीतच नीट समजावून सांगा. मराठीत कळलेलं त्याला उद्या इंग्लिशमध्ये सांगता येईल, कुठल्याच भाषेत न कळलेलं नुसतं पाठ करून परीक्षेपुरतं राहतं.

आता शाळांना आणि बीईओ (तालुक्याचे शिक्षणाधिकारी) साहेबांना जे मागायचं ते मागते. आमच्या भागातल्या जवळजवळ सगळ्या शाळांत एक कपाट आहे आणि त्यात गोष्टीची पुस्तकं आहेत. समग्र शिक्षा योजनेत शाळेच्या ग्रंथालयाला वर्षाला ५,००० ते २०,००० रुपये अनुदानाची तरतूद आहे, म्हणजे पुस्तकं येतात. खरं कपाटाला कुलूप असतंय. का, तर पुस्तक हरवलं-फाटलं तर स्टॉक रजिस्टरमध्ये कमी दिसतं आणि हेडमास्तरांना उत्तर द्यावं लागतं. मी एका मास्तरांना विचारलं तर ते म्हणाले, "बाई, फाटलेलं पुस्तक दाखवण्यापेक्षा नवंकोरं दाखवणं सोपं." त्यांची पण चूक नाही. म्हणून वरनंच लेखी यायला पाहिजे की पोरांनी वाचून फाटलेलं पुस्तक खर्ची टाकायला चालतंय, मास्तरांच्या पगाराला हात लागणार नाही. जूनच्या शेवटी, पाऊस धरायच्या आधी, पहिली ते चौथीच्या प्रत्येक पोराला दोन पुस्तकं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून घरी द्या, शाळा उघडली की पोरांनी आपापसात बदलून घ्यावीत. ज्या वर्गांत नलीकलीची (खेळत शिकायच्या पद्धतीची) कार्डं वापरतात तिथं तर पालकाला पोरगं कुठल्या पायरीवर आहे हेच कळत नाही कारण कार्डं शाळेतच राहतात, त्यांनी एका चिठ्ठीवर मराठीत दोन ओळी लिहून द्याव्या, पोराला काय येतंय आणि पुढं काय घ्यायचं, बस्स. आणि आठवड्यातनं एकदा बाईंनी फोन करून पोराशी बोलावं, पालकाशी नव्हे, पोराशी. काय वाचलंस, कोण आवडलं त्यातलं. आमच्या पोराला एकदा असा फोन आला होता तर तो दोन दिवस फोनजवळ बसून होता.

दुसरं, ग्रामपंचायतीच्या वाचनालयांत ६ ते १८ वयाच्या पोरांना फुकट सभासद करून घ्यायचा 'ओदुव बेळकु' कार्यक्रम सरकारनं १४ नोव्हेंबर २०२० ला सुरू केला. चांगला कार्यक्रम आहे, मी माझ्या पोरांना नेलं पण. खरं मराठी गावातल्या वाचनालयात लहान पोरांची मराठी पुस्तकं शोधून सापडत नाहीत, मोठ्यांचे पेपर आणि स्पर्धा परीक्षेची गाईडं. पंचायतीनं पुस्तकं घेताना गावात पोरं काय वाचतात ते बघून घ्यावीत, कन्नड पण घ्या मराठी पण घ्या. आणि ह्या बाबतीत सगळं सरकारवर पण टाकायला नको. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, कुद्रेमनी इथं दरवर्षी साहित्य संमेलनं होतात, ग्रंथदिंडी निघते, मराठी शाळा टिकल्या पाहिजेत म्हणून भाषणं होतात, आम्ही पण जेवून टाळ्या वाजवून येतो. हारतुरे आणि शाली थोड्या कमी करून त्या पैशात आजूबाजूच्या शाळांना बारक्या पोरांची पुस्तकं दिली तर संमेलनवाल्यांना कोण नाही म्हणणार आहे काय?

अजून एक राहिलं, अभ्यासाशी त्याचा संबंध आहे म्हणून लिहिते. शाळा बंद म्हणजे बिसीऊट (शाळेतलं दुपारचं गरम जेवण) बंद, दूध बंद. लावणीच्या दिवसांत आई सकाळी केलेलं गार अन्न झाकून जाते आणि पोरं दुपारी अर्धपोटी असतात, अशा पोराकडनं संध्याकाळी काय वाचून घेणार. एक-दोन दिवसांची सुट्टी ठीक आहे, आठवडाभर लांबली तर धान्य तरी घरी पोचवायची सोय असावी, कोरोनात दिलंच होतं की.

आपल्या वाचकांत कुठल्या शाळेनं कपाटाचं कुलूप काढून पुस्तकं घरी दिली असतील तर त्या हेडमास्तरांनी किंवा सीआरपींनी (केंद्रातल्या शाळा बघणाऱ्या साधन व्यक्तींनी) रजिस्टर कसं सांभाळलं ते तुमच्या पेपरात लिहून कळवावं, आमच्या एसडीएमसीच्या पुढच्या मीटिंगमध्ये मला ते कात्रण दाखवायचंय.

आपली,
एक पालक आणि एसडीएमसी सदस्य,
ता. खानापूर, जि. बेळगाव